उतारावरचा वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

पन्हाळ्याच्या तटाखालचा कडा डोळ्यांपुढं आणा आणि त्यावर कुणी द्राक्षबाग लावलीय असं समजा. हसाल. पण जर्मनीत मोझेल नदीच्या काठी रोमन काळापासून हेच चाललंय. ब्रेम गावाजवळच्या काल्मोंट उताराचा चढ काही ठिकाणी 65 अंशांच्या घरात जातो. तिथं ट्रॅक्टर चढत नाही.

आधीच सांगतो, वाइन प्या म्हणायला मी इथं बसलेलो नाही. बोलायचंय ते शेतीबद्दल आणि वाटण्यांबद्दल.

एवढी सपाट जमीन सोडून माणसं कड्यावर का गेली? तो मुलूख 50 अक्षांशाच्या आसपासचा, थंड. दक्षिणेकडं तोंड असलेल्या उतारावर तिकडचं तिरपं ऊन थेट पडतं, नदीच्या पाण्यावरूनही थोडं परततं. जमीन शाळेतल्या पाटीच्या दगडाची; दिवसभर तापायची, रात्री वेलीला ऊब द्यायची. रीसलिंग हे तिथलं द्राक्ष पिकायला उशीर लावतं, तोडणी ऑक्टोबरात जाते. म्हणजे चढ ही अडचण खरी, पण चढ नसता तर हे पीकच नीट आलं नसतं.

तासगावचा बागायतदार एप्रिलात खरड छाटणी करतो, ऑक्टोबरात फळछाटणी. मोझेलला हिवाळ्यात वेल झोपते, छाटणी वर्षातून एकदाच. कड्यावरच्या जुन्या पद्धतीच्या बागांत मांडव नाही, ताराही नाहीत. प्रत्येक वेलीला स्वतःचा खांब, त्यावर दोन काड्या वाकवून बदामाच्या आकारात बांधायच्या. तारा नसल्यामुळं माणूस उतारावर आडवा फिरू शकतो. पावसानं दगडमाती खाली घसरली की पूर्वी ती पाठीवरच्या टोपल्यांतून परत वर न्यायची. हे काम बापानं केलं, आज्यानंही केलं. आता एका रुळावर दात्यांनी चढणारी छोटी गाडी आहे, पण काडी बांधायला हातच लागतो.

आता मुळांची गोष्ट. आपल्याकडं क्षारपड आणि दुष्काळ बघून डॉगरिज नावाच्या चिवट वेलीच्या खुंटावर, म्हणजे मुळाकडच्या भागावर, कलम करतात. युरोपात कलम करावं लागलं ते एका किडीमुळं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून फायलोक्सेरा आली आणि तिनं मुळं खाऊन बागाच्या बागा संपवल्या. मग त्या किडीला दाद न देणाऱ्या अमेरिकन वेलींचे खुंट आणून त्यांवर कलमं बांधली. मोझेलच्या पाटीच्या दगडात मात्र ती कीड फारशी रुजली नाही, म्हणून काही घराण्यांकडं शंभरी ओलांडलेल्या वेली आजही स्वतःच्या मुळांवर उभ्या आहेत.

आणि वाटण्या! फ्रेंचांची सत्ता आली तेव्हा त्यांचा वारसा कायदा आला. सगळ्या मुलांना सारखा हिस्सा. पिढ्यांमागून पिढ्या जमिनीच्या चिरफळ्या होत गेल्या. एकाच घराच्या पट्ट्या उतारावर विखुरलेल्या, मधे चुलत्याची, पलीकडं परक्याची. गुंठ्यागुंठ्यासाठी कोर्टाची पायरी चढणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळं सांगायला नको. पुढं सोयरिकींतून काही पट्ट्या पुन्हा जुळल्या. तिथल्या काही वाइनघरांच्या पाटीवर दोन आडनावं दिसतात, त्यातली काही अशीच.

माझ्या मते या घराण्यांचा खरा वारसा पिंपांत नाही, चढायला तयार असलेल्या पायांत आहे. पोरं शहरात गेली तसे कित्येक पट्टे झुडपांनी भरले. तोडणीला पोलंड, रुमानियाचे हंगामी मजूर येतात, जसे आपल्या उसाला बीडचे.

तग धरलेली घरं काय करतात? वर्षातले काही महिने स्वतःच्याच अंगणात बाकं टाकतात, दारावर हिरव्या डहाळ्यांची माळ लावतात आणि स्वतःची वाइन तिथंच विकतात. मधे दलाल नाही. आपला गूळ कोल्हापूरच्या मार्केट यार्डात सौद्याला जातो, भाव तिथं ठरतो. हायवेलगतच्या काही गुऱ्हाळघरांनी मात्र दारातच काकवी आणि गूळ विकायला घेतलाय. कडा चढावा न लागणाऱ्या आपल्या माणसांना एवढं तरी जमायला हरकत नाही.