'सर्वानुमते' खोडलं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. मला विषय दिलाय, 'महाविद्यालयाच्या कारभारात कर्मचाऱ्यांचा सहभाग'. हे ऐकून तुमच्यातल्या निम्म्यांनी रेडिओचा आवाज बारीक केला असणार. मीही केला असता. पण एका अनुदानित कॉलेजच्या ऑफिसात मी बत्तीस वर्षं काढली. कनिष्ठ लिपिक म्हणून लागले, अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. त्यातली वीसेक वर्षं सभांची इतिवृत्तं माझ्याच अक्षरात आहेत. तेव्हा विषय त्यांचा असू दे, मी बोलणार एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे 'सर्वानुमते'.

कायद्याचं तेवढं आधी उरकून घेते. १९९४ चा विद्यापीठ कायदा आला तेव्हा प्रत्येक कॉलेजात स्थानिक व्यवस्थापन समिती असायची. आम्ही तिला एलएमसी म्हणायचो. संस्थेचे अध्यक्ष, सचिव, गावातली जाणती माणसं, प्राचार्य, आणि निवडून आलेले तीन शिक्षक नि एक शिक्षकेतर कर्मचारी. पुढं २०१६ चा कायदा आला आणि त्याच्या कलम ९७ नं तिची महाविद्यालय विकास समिती झाली. माणसं वाढली. विभागप्रमुख आले, विद्यार्थी परिषदेचे अध्यक्ष-सचिव आले, माजी विद्यार्थी आला. सगळे मोजले तर पंधरा भरतात. शिक्षक तीन, त्यात एक तरी बाई हवी. आणि शिक्षकेतर किती? एक. परत सांगते, कारण रेडिओवर आकडे कानावरून जातात: १९९४ ला शिक्षक तीन, कर्मचारी एक. २०१६ ला शिक्षक तीन, कर्मचारी एक. समिती दहाची पंधरा झाली, आमची खुर्ची एकच राहिली.

या समितीनं वर्षातून चार वेळा तरी बसायचं. वार्षिक वेळापत्रक, अंदाजपत्रक, नवे अभ्यासक्रम, कुठली पदं मागायची, असं सगळं तिच्यापुढं येतं. म्हणजे कागदावर बघाल तर घर चालवणाऱ्या बाईइतकं काम.

आणि एक गंमत सांगते. १९७८ साली सुप्रीम कोर्टानं बंगळुरूच्या पाणीपुरवठ्याच्या खटल्यात ठरवलं की औद्योगिक विवाद कायद्याखाली शिक्षणसंस्थासुद्धा 'उद्योग' होऊ शकते. पुढं १९८८ ला गोव्यातल्या एका शिक्षिकेचा खटला तिथवर गेला. तेव्हा कोर्ट म्हणालं, संस्था उद्योग असेल, पण शिक्षक त्या कायद्यातला कामगार नव्हे. म्हणजे फळा पुसून खडू ठेवणारा कामगार, आणि त्याच खडूनं लिहिणारा कामगार नाही! आमच्या स्टाफरूममध्ये यावर पुष्कळ हसणं झालं. शिपाई मंडळी काही हसली नाहीत.

आता मामांकडं येते.

साल १९९९. मामा आमच्याकडं शिपाई म्हणून लागलेले, नंतर रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये परिचर झाले. कॉलेजात शिपायाला मामा म्हणतात हे तुम्हाला माहीतच आहे, पण परिचर झाल्यावरही ते मामाच राहिले. सभेचा चहाही त्यांच्याच हातचा. चेअरमनसाहेबांना दुसऱ्या कुणाचा चालत नसे. चहा लॅबमागच्या खोलीत व्हायचा आणि दूध पाचशे मिलिच्या बीकरनं मोजलं जायचं. तो बीकर फक्त दुधाचा होता, त्यावर लाल रंगानं 'दूध' लिहिलेलं होतं, घाबरू नका. आता सगळीकडं मशीनचा चहा आलाय. बटण दाबलं की गोड गरम पाणी पडतं. त्याला मी चहा म्हणत नाही, पण ते असो.

त्या वर्षी समितीची निवडणूक लागली. शिक्षकेतरांची अठरा मतं. मीही उभी होते. हेडक्लार्क होते, कायदा तोंडपाठ होता, मला वाटलं आपल्याशिवाय आहे कोण! मामांना अकरा मतं पडली, मला सहा. एका मतपत्रिकेवर दोन्ही नावांपुढं फुली होती, ती बाद झाली. तो गृहस्थ कोण हे मला ठाऊक आहे, अजून बाजारात भेटतो. मी पडले हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं नीट कळेल.

जुलैत पहिली सभा. सभेची सूचना तेव्हा वहीत लिहून फिरवायची आणि पुढं सह्या घ्यायच्या. वही फिरवायचं काम मामांचं. त्यांनी सायकलवरून चेअरमनच्या घरी, वकिलांच्या घरी, डॉक्टरांच्या दवाखान्यात वही नेली, सह्या आणल्या, आणि माझ्या टेबलाशी उभं राहून शेवटची सही स्वतःची केली. सही करताना हात पँटला पुसला.

चार वाजता सगळे बसले. नऊ खुर्च्या भरल्या, दहावी रिकामी. मामा ट्रे घेऊन आले. सगळ्यांपुढं कप ठेवले आणि रोजच्यासारखे दाराशी जाऊन उभे राहिले. चेअरमन म्हणाले, "मामा, बसा की आता. मेंबर आहात." मामांनी ट्रे कपाटावर ठेवला आणि खुर्चीच्या कडेवर बसले. त्यांच्यापुढं कप नव्हता. सवयीनं नऊच आणले होते.

विषय क्रमांक ४: सकाळचं सत्र साडेसातऐवजी सातला सुरू करणे. ज्युनिअरला दुपारी वर्गखोल्या हव्या होत्या, कारण रास्त होतं. प्राचार्यांनी मांडलं, एक-दोघांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मामा बोलले. फार नाही, तीन-चार वाक्यं. "सर, प्रॅक्टिकल सातला लागलं तर लॅब सहाला उघडावी लागंल. ब्युरेट धुवायच्या, गॅस प्लँट चालू करायचा, पाऊण तास जातो. झाडायच्या बायका त्याच्याही आधी. पहिली एसटी येती सहा चाळीसला." फिजिक्सचे एक सर हसले. चेअरमन म्हणाले, "बघू, त्याचं काहीतरी करू." आणि विषय क्रमांक ५.

मी कोपऱ्यात टिपण घेत होते. दोन दिवसांनी पक्क्या वहीत लिहिलं: 'सकाळचे सत्र ७ वाजता सुरू करण्यास सर्वानुमते मंजुरी देण्यात आली.' हात आपोआप गेला बघा. इतिवृत्त लिहिणाऱ्याच्या पेनातून 'सर्वानुमते' हा शब्द शाईसारखा गळतो. कच्च्या टिपणात मात्र मी लिहिलेलं होतं, 'परिचर, वेळेबाबत हरकत'. पक्क्यात ते आलं नाही. घाई होती म्हणा. पडलेल्या उमेदवाराचा हात होता म्हणा. मला आजही नक्की सांगता येणार नाही.

पुढची सभा ऑक्टोबरात, दिवाळीच्या सुट्टीआधी. विषय क्रमांक १ सगळ्या महाराष्ट्रात एकच असतो: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. याला अर्धा मिनिट लागतो. प्राचार्य म्हणाले, "वाचलंय असं समजू या ना?" सगळे म्हणाले, "हो हो." मामा म्हणाले, "मी नाही वाचलं."

वही त्यांच्याकडं गेली. खिशातून चष्मा निघाला, एका काडीला दोरा बांधलेला. बोट ठेवून वाचत होते. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. चौथ्या ठरावावर बोट थांबलं. मान वर न करता मला विचारलं, "ताई, सर्वानुमते म्हंजे सगळ्यांचं मत एक, असंच ना?"

मी म्हटलं, "हो."

"मग ह्या सर्वांत मी नव्हतो का?"

कुणी काही बोलेना. चेअरमन माणूस चांगला, पण घाईचा. ते म्हणाले, "अहो मामा, निर्णय होऊन तीन महिने झाले. कॉलेज सातला भरतंय. आता एका शब्दानं काय फरक पडतो?"

मामा म्हणाले, "फरक पडत नसंल तर खोडा की साहेब."

त्यावर वीस मिनिटं गेली, श्रोतेहो. घड्याळ माझ्यासमोर होतं. एकजण म्हणाले, मामांनी अडचण सांगितली, विरोध असा शब्द वापरला नव्हता. मराठीच्या सरांनी विचारलं, मग काय माणसानं 'विरोध' असं ओरडायला हवं होतं? गावातले वकील सदस्य होते, ते माझ्याकडं वळले. "बाई, कच्चं टिपण असेल ना तुमच्याकडं?" होतं. ड्रॉवरमध्ये होतं. क्षणभर मनात आलं की नाही म्हणावं. मग काढून दिलं. वकिलांनी मोठ्यानं वाचलं, 'परिचर, वेळेबाबत हरकत'. कुणी मला बोललं नाही, पण माझे कान तापले होते.

चेअरमन म्हणाले, "खोडा." मी निळ्या-काळ्या शाईनं 'सर्वानुमते'वर एक आडवी रेघ मारली, वर 'बहुमताने' लिहिलं. खाली एक ओळ वाढवली, परिचर व सफाई कर्मचाऱ्यांच्या वेळेबाबत हरकत नोंदवण्यात आली. समासात चेअरमननी तारखेसह छोटी सही केली. मग मामांनी ट्रे आणला. त्यावर दहा कप होते.

तुम्ही विचाराल, कॉलेजची वेळ बदलली का? नाही बदलली. सातला सुरू झालं ते सातलाच राहिलं. मामा पावणेसहाला घरून निघायचे, थंडीत मफलर बांधून. पुढच्या जूनमध्ये मात्र वेळापत्रकाचा तक्ता लागला तेव्हा रसायनची प्रॅक्टिकलं साडेआठनंतर होती आणि झाडलोट आदल्या दुपारी गेली होती. त्यावर ठराव नाही, चर्चा नाही. प्राचार्यांनी गुपचूप केलं. एक हरकत वहीत लिहिलेली असली की तक्ता करणाऱ्याला ती आठवते. तोंडी असली तर नाही आठवत.

आणि मामांना संतही करू नका. ऑफिसात संगणक घ्यायला त्यांनी सलग तीन सभा विरोध केला. माणसं कमी होतील म्हणाले. मला इतका राग यायचा! टंकलेखनाच्या कार्बन कागदांनी बोटं काळी व्हायची ती माझी, त्यांची नव्हेत. पण तेही मी लिहिलं. शब्द न् शब्द लिहिलं. 'सर्वानुमते' लिहायच्या आधी मी टेबलाभोवती एकदा बघायला लागले होते. आधी बघायचं, मग लिहायचं. इतिवृत्त लिहिणाऱ्या नव्या मुलामुलींना एवढंच सांगेन: आधी बघा, मग लिहा.

माझी भाची कॅलिफोर्नियात एका कम्युनिटी कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. ही तिथली दोन वर्षांची सरकारी कॉलेजं, गावाच्या पोरांसाठीची. तिथं १९८८ साली कायदा झाला, त्यानं अभ्यासक्रमाच्या बाबतीत प्राध्यापकांच्या सिनेटचा सल्ला घेणं कॉलेजच्या बोर्डावर बंधनकारक झालं. ऑफिस आणि ग्रंथालयातल्या कर्मचाऱ्यांनाही ज्या धोरणाचा आपल्या कामावर परिणाम होतो त्यात सहभागाची संधी द्यावी लागते. हे मला फार नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसरंच. बोर्डाच्या नेहमीच्या सभेची विषयपत्रिका ७२ तास आधी सगळ्यांना दिसेल अशी लावावी लागते, आणि तिच्यात नसलेल्या विषयावर, तातडीचे अपवाद सोडले तर, निर्णय घेता येत नाही. मी तिला म्हटलं, अगं, मग आमचं काय होईल! आमच्याकडं शेवटी एक ओळ असते, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. खरा मुद्दा कायम तिथून यायचा. सहा वाजलेले, लोक चपला शोधतायत, आणि मग हळूच, "एक छोटा विषय होता." माझं मत विचाराल तर त्या ओळीवर बंदी घालावी. आणि सभेची सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून पोच झाली असं धरणाऱ्यांवरही.

एक गोष्ट राहिली. कायदा म्हणतो, शिक्षकांचे तीन प्रतिनिधी पूर्णवेळ शिक्षकांनी निवडायचे. शिक्षकेतरांचा एक, नियमित कर्मचाऱ्यांनी निवडायचा. पूर्णवेळ आणि नियमित, हे दोन शब्द लक्षात ठेवा. तासिका तत्त्वावर शिकवणारी मुलं सकाळी एका कॉलेजात आणि दुपारी दुसऱ्या कॉलेजात तास घेतात, त्यांना मत नाही. ठेकेदारामार्फत आलेला वॉचमन, झाडणाऱ्या बायका, यांना मत नाही. तीन शिक्षक आणि एक कर्मचारी, हे गणित मांडलं तेव्हा कॉलेजात माणसं कायम होती.

मामा निवृत्त झाले, त्यांची जागा पुढं भरली गेली नाही. मध्यंतरी एका कार्यक्रमाला कॉलेजात गेले होते. लॅबमध्ये एक तरुण मुलगा ब्युरेट धूत होता, ठेक्यावरचा. मी विचारलं, किती वाजता येतोस? म्हणाला, "सहाला, मॅडम." त्याला म्हटलं, समितीवर तुमचा प्रतिनिधी कोण आहे सध्या? त्यानं नळ बंद केला आणि विचारलं, "कसली समिती?"

नमस्कार.