सोलर बसलं, पण बिल कोणाचं उतरलं?

नमस्कार मंडळी! आपल्याकडे जे मेसेज येतात ना, त्यात एक प्रश्न फिरून फिरून येतोय, की सरकार सौरऊर्जेवर एवढा पैसा ओततंय, समोरच्या बंगल्यावर पण पॅनल चढली, मग आमचं लाईट बिल का नाही उतरत? उत्तर देतो, पण आधी कोथरूडची गोष्ट सांगतो, कारण ती मला सांगायला भयंकर आवडते आणि माईक सध्या माझ्यासमोर आहे.

तर माझ्या ताईची सोसायटी, चार मजली, जुनी, एकच लिफ्ट. तिथले सेक्रेटरी रिटायर्ड इंजिनिअर, आणि रिटायर्ड इंजिनिअर माणसाला काहीतरी प्रोजेक्ट लागतोच. त्यांनी एजीएममध्ये विषय काढला, की टेरेसवर १० किलोवॅट सोलर बसवू, लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, पार्किंग, सगळं त्यावर. केंद्राची सूर्यघर योजना आहे ना २०२४ ची, त्यात सोसायटीच्या कॉमन मीटरसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये सबसिडी मिळते, म्हणजे १,८०,००० तर तिथेच सुटले. आता यावर टाळ्या पडायला हव्यात की नाही? तर तळमजल्यावरच्या काकू उठल्या आणि म्हणाल्या, "मी लिफ्ट वापरत नाही, मी पैसे का देऊ?" हा प्रश्न ज्या सोसायटीत कोणी विचारला नाही ती सोसायटी पुण्यात नाही असं समजा.

मग वरच्या मजल्यावरचे काका, "आधी वॉटरप्रूफिंग." आणि त्यांचं बरोबर होतं हां, कारण पॅनल चढवल्यावर स्लॅब गळायला लागला की सगळा सांगाडा उचकटावा लागतो. मग आला वाळवणाचा मुद्दा, कुरडया कुठे घालायच्या? सेक्रेटरी म्हणाले स्ट्रक्चर उंच करू, खाली घाला. यावर काकू, "सावलीत कुरडया वाळतात का हो?" सभा खलास! शेवटी पॅनल दक्षिणेकडच्या बाजूला गेली आणि पूर्वेची पट्टी कुरडयांना सोडली. (नवीन टॉवरमध्ये टेरेसला कुलूपच असतं, कुरडया ऑनलाईन मागवतात लोक, आणि त्यांची चव म्हणजे, जाऊ दे, आजचा विषय तो नाही.)

तर सोलर बसलं, नेट मीटर (लाईनमधून घेतलेली आणि लाईनला परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लागला, आणि कॉमन मीटरचं बिल धाडकन खाली आलं. सेक्रेटरींनी लगेच फोटो ग्रुपवर टाकला. खाली काकूंचा मेसेज, "पण माझं तर तेवढंच आलंय!" त्यांना खरंच वाटलं होतं की वर सोलर बसलं म्हणजे बिल्डिंगमधल्या सगळ्यांचंच बिल उतरणार. बरं, मग मेंटेनन्स तरी कमी करा, तर कमिटीने वाचलेले पैसे रंगकामाच्या फंडात टाकले. मग एका गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाईट गेली, रणरणतं ऊन, वर पॅनल चकाकतायत आणि लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद, आत सेक्रेटरी स्वतः. खालून काकूंचा आवाज आला, "अहो, सोलर आहे ना आपल्याकडे?"

सोलर होतं हो, पण ते ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं, बॅटरीशिवाय. लाईनमध्ये करंट नसेल तर असा सोलरचा इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा) स्वतःहून बंद होतो, म्हणजे खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या पॅनलचा झटका बसू नये म्हणून. लाईट गेल्यावर पण चालायला हवं असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा. कंपनीची माणसं हे सांगतात, पण सही घेऊन झाल्यावर.

आता आपला प्रश्न. ज्या मीटरला सोलर जोडलंय त्याच मीटरचं बिल उतरतं. परत सांगतो, ज्या मीटरला जोडलंय त्याच मीटरचं! स्वतःचं छप्पर असेल तर १ किलोवॅट साधारण दिवसाला ४ युनिट देतं, महिन्याला १२० धरा, पावसाळ्यात त्याहून कमी. घरगुती ३ किलोवॅटला ७८,००० पर्यंत सबसिडी. आणि महावितरणचे स्लॅब बघा, पहिल्या १०० युनिटचा दर कमी, मग १०१ ते ३०० चा जास्त, पुढे अजून जास्त, त्यामुळे सोलर आधी तुमची महागडी युनिटं खातं. म्हणून ज्या घरात एसी, गिझर, सगळं चालतं आणि ४०० युनिट जळतात तिथे पैसे लवकर वसूल होतात, आणि ज्यांचं ९० युनिटमध्ये भागतं त्यांनी उगाच शेजाऱ्याचं बघून घाई करू नये. बिल अगदी शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच. आणि पाण्याच्या टाकीची सावली पॅनलवर पडत नाही ना, ते साईट बघायला येतील तेव्हा स्वतः वर जाऊन बघा.

आणि सरकारी मोठ्या सोलर पार्कचं काय? तिथली वीज स्वस्त झाली हे खरंय, राजस्थानात भादल्याला २०१७ मध्येच दर युनिटमागे २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला होता. पण आपल्या बिलात वीज बनवण्याचा खर्च एकटा नसतो, तारा, गळती, वहन आकार (वीज आपल्यापर्यंत आणण्याचे पैसे), वीज शुल्क, जुन्या औष्णिक प्रकल्पांशी झालेले करार, ते बंद असले तरी द्यावे लागणारे पैसे, आणि संध्याकाळी सात वाजता सगळं पुणं एकदम दिवे लावतं तेव्हा सूर्य गेलेला असतो. त्यामुळे तिकडची स्वस्ताई आपल्यापर्यंत येईस्तोवर बरीच झिजते. तसं हे आपल्याला नवीन नाही म्हणा. मुळशीचं धरण बघा, वीज पाण्यावरची, गावं आपल्या मावळ्यांची बुडाली, सेनापती बापटांनी १९२१ मध्ये सत्याग्रह केला, आणि वीज गेली मुंबईला! लोक पावसात तिथे भजी खायला जातात, पण हे किती जणांना माहितीये?

अरे, काचेपलीकडून घड्याळ दाखवतायत. भाड्याने राहणाऱ्यांचं एक राहिलं, ज्यांना छप्परच नाही. तुमच्या घरातले जुने पंखे ७०-७५ वॅट खातात, नवीन बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, ३० च्या आसपास, आणि घर सोडताना काढून नेता येतो. घरमालकाला सांगायची पण गरज नाही.