ओढून जुळवलेल्या जोड्या

(सूक्ष्मदर्शकातलं चित्रण, वेग वाढवलेला)

काळ्या पडद्यावर मागे-पुढे धावणाऱ्या या निळ्या ठिपक्यावर नजर ठेवा. हे यीस्टच्या जिवंत पेशीतलं केंद्रक आहे.

शाळेच्या पुस्तकात अर्धगुणसूत्री विभाजनाची, म्हणजे गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाची, आकृती असते. त्यात सजातीय गुणसूत्रं, म्हणजे दोन जनकांकडून आलेले एकाच गुणसूत्राचे जोडीदार, आधीच शेजारी येऊन बसलेली असतात. ती एकमेकांपर्यंत पोचली कशी, हे आकृतीत मावत नाही. म्हणून हे चित्रण प्रत्येक विद्यार्थ्याने एकदा तरी पाहायलाच हवं.

या यीस्टचं नाव स्किझोसॅकॅरोमायसिस पॉम्बे. गुणसूत्रं अवघी 3, त्यामुळे माग काढणं सोपं. नायट्रोजन संपून उपासमार सुरू झाली, की दोन पेशी जुळतात आणि त्यांची केंद्रकं एक होतात. आता गुणसूत्रं 6, त्यांची टोकं 12.

(टोकं चमकताना, जवळून)

ही सगळी टोकं, म्हणजे टेलोमिअर, केंद्रकाच्या आवरणाला आतून एकाच जागी येऊन चिकटतात. नेमक्या त्याच जागी बाहेरून सूक्ष्मनलिका, म्हणजे प्रथिनांच्या बारीक नळ्या, फुटलेल्या असतात. पेशीच्या कडेला रोवलेलं डायनिन हे प्रथिन त्या नलिका ओढू लागतं. नलिकांमागे टोकं, टोकांमागे गुणसूत्रं, आणि अख्खं केंद्रक घोड्याच्या शेपटीसारखं लांबत फरफटत निघतं. पेशीचं टोक आलं की उलट फिरतं. जाऊन-येऊन साधारण 10 मिनिटं लागतात, आणि हे दोनेक तास चालतं.

साध्या विभाजनात ओढ असते ती गुणसूत्रबिंदूला, म्हणजे गुणसूत्राच्या आवळलेल्या भागाला. इथे पुढारपण टेलोमिअरकडे जातं, हे 1994 मध्ये जपानमध्ये यासुशी हिराओका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवंत पेशीत दाखवलं. टोकं एकत्र धरून ओढल्यामुळे गुणसूत्रं एकाच दिशेने ताणली जातात आणि जोडीदार एकमेकांसमोर येतात.

(दोन चौकटी शेजारी-शेजारी)

उजवीकडच्या पेशीत डायनिन नाही. केंद्रक जागचं हलत नाही. इथे जोड्या नीट जमत नाहीत, जनुकांची अदलाबदलही घटते.

उंदरात, मक्यात, माणसातही या टप्प्यावर टेलोमिअर आवरणाला चिकटतात. जोड्या नीट जमल्या नाहीत, तर गुणसूत्रांची वाटणी चुकू शकते. माणसात अशी वाटणी चुकून 21वं गुणसूत्र तीनदा आलं, तर मूल डाउन सिंड्रोम घेऊन जन्मतं.

(पुन्हा पहिली पेशी)

धावपळ थांबली आहे. आता लागोपाठ दोन विभाजनं होतील आणि चार बीजाणू तयार होतील, प्रत्येकात 3 गुणसूत्रं.