रोबोटची जुनी चित्रकथा पुन्हा उभी करताना

[दृश्य : सोलापूरचा पूर्व भाग. जॅकार्ड मागावर चादर विणली जातेय.]

मागाच्या वर सरकणारे हे भोकांचे पुठ्ठे बघा. भोक असेल तिथे उभा धागा उचलला जातो, नसेल तिथे खालीच राहतो. चादरीवरचा मोर एवढ्यावरच उमटतो. एक भोक चुकलं, तर तीच चूक नक्षीच्या प्रत्येक फेरीत उतरते. संगणकाची पंचकार्डं याच युक्तीतून पुढे आली. रोबोटची जुनी चित्रकथा सोलापुरात बसून नव्याने लिहिणाऱ्याला यातून नायकाची मर्यादा मिळते: कार्डात एक भोक चुकीचं, आणि तो तीच चूक पुन्हा पुन्हा करतो.

मर्यादा हवीच. लांबलेल्या मालिका तिच्याशिवाय मोडतात. दर लेखक नायकाला एखादी नवी शक्ती देतो आणि शेवटी त्याला कशाचीच भीती उरत नाही. म्हणून आधी सगळे जुने अंक वाचून तक्ता करा: रोबोटला काय येतं, काय येत नाही, त्याला कोणी बनवलं, कोण मेलं, कोण परत आलं. मग शक्ती कमी करा. बॅटरी किती वेळ टिकते, कोणता सांधा आधी अडकतो, हे लिहून ठेवा आणि कथेच्या सोयीसाठी बदलू नका.

पहिल्याच अंकात सगळा इतिहास सांगायचा मोह होतो. नवा वाचक तिथेच गळतो. जपानी चित्रकथाकार ओसामू तेझुकांचा रोबोट-मुलगा अ‍ॅटम १९५२ मध्ये स्वतःच्या मालिकेत आला. दुसरे जपानी चित्रकथाकार नाओकी उरासावांनी २००३ मध्ये ‘प्लूटो’ सुरू केलं, तेव्हा तेझुकांच्या त्या प्रचंड पसाऱ्यातली एकच कथा उचलली आणि मूळ कथेतल्या एका दुय्यम रोबोट-गुप्तहेराच्या नजरेतून सांगितली. आठ खंडांत संपवलीसुद्धा. आमच्या मते यापेक्षा चांगला धडा नाही.

[दृश्य : रेखाटनाचं टेबल.]

रोबोट समोरून, बाजूने, तिरका आणि मागून काढा. प्रत्येक सांधा कुठवर वळतो ते शेजारी लिहा. खिळे, वायरी कमीच ठेवा. चाळिसाव्या चौकटीत त्या हमखास विसरतात. आकृती पूर्ण काळी भरा. तरी ओळखू आली, तर रचना जमली.

पिन मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत लागतात. रेघा ६०० डीपीआयला (दर इंचातले ठिपके), रंग ३०० ला, कापणीसाठी चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जादा. पोलादाचा गडद रंग करताना छपाईच्या चारही शायांच्या (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी) टक्क्यांची बेरीज ३०० टक्क्यांवर गेली, तर शाई वेळेत वाळत नाही आणि वरच्या कागदाच्या पाठीवर उतरते. अक्षरं मात्र फक्त काळ्या शाईत. चार रंगांत केली आणि छपाईची एखादी प्लेट केसभर सरकली, की कडा धूसर दिसतात.

मराठी अक्षरांना जपा. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणताना ‘ऱ्या’ आणि ‘क्ष’ हमखास बिघडतात. रूपांतरानंतर संवादाचा प्रत्येक फुगा वाचाच. सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू नसेल, तर जोडाक्षरं सुटतात आणि पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाते. वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीवर आदळू नये म्हणून ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त अंतर लागतं, त्यामुळे फुगाही मोठा होतो. तेव्हा संवाद आधी बसवा, रोबोट नंतर. उलट केलंत तर फुगा नेमका त्याच्या चेहऱ्यावर येतो.