चैत्रातली आंबील, वैशाखातली मेंढरं

(सोलापुरातल्या एका उन्हाळी व्याख्यानमालेतल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, दिवे लागणीची वेळ टळून गेली तरी या सभागृहाच्या भिंती गरमच आहेत. अशा उकाड्यात तुम्ही शेती आणि जेवण यांवर ऐकायला आलात, त्यामुळे मी उन्हाळ्याच्या नावानं बोटं मोडणार नाही. उलट माझं म्हणणं असं की, आपल्या जिल्ह्यात खाण्यापिण्याचा खरा हंगाम उन्हाळाच. ज्वारी घरात येऊन पडलेली, रानं मोकळी, आणि चार माणसं एकत्र बसतील एवढी सवड.

ही ज्वारी येते कशी, ते शहरातल्या पोरांना सांगितलंच पाहिजे. आपल्याकडे पाऊस वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. सप्टेंबर-ऑक्टोबरात ओल बघून पेरायचं आणि पुढं काळ्या रानानं पोटात धरलेल्या ओलाव्यावर पीक काढायचं. वर जमिनीला भेगा पडतात, खाली मुळं पाणी शोधत जातात. मोहोळच्या संशोधन केंद्रावर १९३० च्या दशकात निवडलेलं मालदांडी ३५-१ हे वाण आजही पेरलं जातं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. मधल्या काळात जास्त उतारा देणारी वाणं आली नाहीत असं नाही. पण मालदांडीची भाकरी गोड लागते आणि तिचा कडबा जनावरं चवीनं खातात, म्हणून शेतकऱ्यानं ती सोडली नाही. म्हणजे हे बियाणं जिभेनं राखलं, माणसाच्याही आणि बैलाच्याही.

आता आंबील. रात्री ज्वारीचं पीठ ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी वास आंबूस आला की पाण्याला आधण आणायचं, त्यात मीठ, ठेचलेला लसूण, जिरं घालायचं आणि पीठ एका हातानं ओतत दुसऱ्या हातानं हलवत राहायचं. इथं फोन वाजला तर उचलू नका, गुठळी होते! शिजली की चकाकी येते. पूर्ण गार झाल्यावर वरून ताक, आणि सोबत बुक्कीनं फोडलेला कांदा. दुपारी बारा वाजता याचा एक तांब्या पोटात गेला की बाटलीतल्या रंगीत पाण्याची आठवण येत नाही. शेंगाचटणी आणि कडक भाकरीला आपण बाहेरगावी मिरवतो, ते ठीकच आहे. आंबिलीला मात्र गरिबाचं खाणं म्हणून स्वयंपाकघरातून बाहेर काढलं, याचा मला खरंच राग येतो.

ज्वारी घरी आल्यावर रानाचं काय? हल्ली रिजनरेटिव्ह शेतीवर फार बोललं जातं. जमिनीतून जे काढलं ते तिला परत द्यायचं, तिचा कस वाढवत न्यायचा, असा तो विचार. आपल्याकडे त्यातला एक मोठा भाग धनगर मंडळी करत आली. उन्हाळ्यात मोकळ्या रानात मेंढरं बसवायची. कळप दिवसभर धसकटं, पालापाचोळा चरतो, रात्री वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून एका तुकड्यात बसतो, दुसऱ्या रात्री शेजारच्या तुकड्यात. लेंड्या आणि मूत थेट जमिनीत, गाडीभाडं नाही. शेतकरी बदल्यात धान्य देतो किंवा पैसे. एक मात्र पाळावं लागतं: मेंढरं उठली की लगेच कुळवाची पाळी घालून खत मातीत मिसळायचं. खत तसंच उन्हात राहिलं तर त्यातलं नत्र हवेत उडून जातं. हे बऱ्याच शिकलेल्या माणसांना माहीत नसतं, मेंढक्याला माहीत असतं.

उजनी धरणाचं पाणी आलं तिथं उसानं चित्र बदललं. उसाला मी शिव्या देणार नाही, कित्येक घरं त्यावर उभी राहिली. पण तोडणी झाली की पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवून देतात, ते बघवत नाही. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघतं. ते सरीत पसरून ठेवलं तर ओल टिकते आणि कुजून जमिनीचा सेंद्रिय कर्ब वाढतो. काडी लावली की जळतो तो पुढच्या वर्षांचा कसच.

तुम्ही म्हणाल, आम्ही साखर पेठेत नाहीतर जुळे सोलापुरात राहतो, आम्ही काय करणार? पूर्वी चैत्र-वैशाखात शहरातली घरंसुद्धा वर्षाची ज्वारी भरायची. गच्चीत ऊन द्यायचं, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठी बंद करायची. त्या निमित्तानं एक शेतकरी घरचा व्हायचा, त्याच्या पोरीच्या लग्नाला जाणं व्हायचं. आता किलोकिलोनं पिठाची पिशवी येते आणि ती कुठल्या रानातली हे पिशवीलाही ठाऊक नसतं. एका घराला पोती ठेवायला जागा नसेल, तर गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून एका शेतकऱ्याकडून घ्या आणि वाटून घ्या. पहिल्या दळणाच्या दिवशी त्याला घरी जेवायला बोलवा.

घेताना दाणा दाताखाली फोडून बघा, कडबा कुठं गेला ते विचारा, आणि रानात यंदा मेंढरं बसवणार का, तेही विचारा. भावाचं बोलणं त्यानंतर.