सुवण्णाफूमला उतरल्यावर

मंडळी, पत्रिकेत ‘एकटीची भटकंती’ असा भलामोठा विषय छापलाय. मी मात्र बँकॉकमधल्या पहिल्या चार दिवसांवरच बोलणार आहे. पुढचे पंधरा दिवस कसेही निभतात. खरी फजिती पहिल्या चारांतच होते.

मुंबईहून रात्री निघालं की चार-साडेचार तासांत विमान पोचतं. घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे झोपेचं खोबरं. वय ५२, पाठीवर सॅक, परदेशात पहिल्यांदाच एकटी, आणि विमानतळाचं नाव काय? सुवर्णभूमी! मला वाटलं, आपल्याच कुळातलं गाव दिसतंय. चौकशीच्या खिडकीवरच्या मुलीला विचारलं, ‘‘सुवर्णभूमी स्टेशन कुठे?’’ ती गोड हसली. मी पुन्हा, सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करून विचारलं. ती पुन्हा हसली. शेवटी मी पाटीकडे बोट केलं, तेव्हा तिचा चेहरा उजळला. ‘‘आ, सुवण्णाफूम!’’

गंमत अशी, की थाई लोकांनी संस्कृत-पालीतले शब्द पुष्कळसे मूळच्या अक्षरांनिशी लिहून ठेवलेत, पण बोलताना त्यांची शेपटी कापतात. नको असलेल्या अक्षराच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीकशी खूण असते. ती दिसली की ते अक्षर उच्चारायचं नाही. त्या खुणेचं नाव थानथाखात. हॉस्टेलच्या काउंटरवरच्या पोराने ते मला लिहून दाखवलं आणि मी खुर्चीतच बसले. दंडघात! अक्षराच्या टाळक्यात काठी घातली, की ते गप्प.

मग मला नादच लागला. आहाराला ‘आहान’. टेलिफोनला ‘थोरसप’, म्हणजे दूरशब्द. बँकेला ‘थनाखान’, म्हणजे धनागार. आणि स्वच्छतागृहाला ‘सुखा’! याहून समर्पक नाव मी तरी ऐकलेलं नाही. (हशा) शहराला थाई माणूस बँकॉक म्हणतच नाही, म्हणतो क्रुंग थेप. थेप म्हणजे देव. पूर्ण नाव तर आपल्या मंगलाष्टकांएवढं लांब. त्यात रत्नकोष येतो, महेंद्र येतो, अयोध्या येते, शेवटाकडे विश्वकर्माही येतो.

दुसऱ्या दिवशी या ओळखीनेच घात केला. राजवाड्याकडे चालले होते. एक नीटनेटके गृहस्थ समोर आले. नमस्कारासारखे हात जोडले, ‘सवातदी’ म्हणाले. हे आपलं स्वस्ति. मी विरघळलेच. ते म्हणाले, आज राजवाडा बंद आहे, पूजा आहे. हा टुकटुकवाला, म्हणजे तिथला रिक्षावाला, तुम्हाला चाळीस बाटांत (बाट हे तिथलं चलन) चार देवळं दाखवेल. चार देवळांतलं एक देऊळ निघालं, बाकीची रत्नांची दुकानं. नीलम घेतला नाही म्हणून तिसऱ्या दुकानाबाहेर टुकटुकवाल्याने मला उतरवून दिलं. राजवाडा अर्थातच उघडा होता. ही युक्ती इतकी जुनी आहे, की तिच्याबद्दल सावध करणारे फलक राजवाड्याच्या आसपास असतात. पण स्वस्ति म्हणणाऱ्याला लबाड कसं समजायचं?

देवळांबद्दल फार सांगत नाही, फोटो तुम्ही पाहिलेच असतील. थाईत ‘वाट’ म्हणजे देऊळ. वाट फोमधला ४६ मीटरचा निजलेला बुद्ध पाहा, पण त्याच्या पाठीमागे जरूर जा. तिथे भिंतीलगत १०८ कांस्यपात्रं आहेत. लोक प्रत्येकात एकेक नाणं टाकत पुढे सरकतात आणि त्याची अखंड टिणटिण चालू असते. तिथून फेरीबोटीने नदी ओलांडली, की वाट अरुण. हा अरुण मात्र अरुणच राहिलाय, त्याला काठी बसलेली नाही. लांबून नक्षी वाटते, ती जवळून पाहिली तर चिनी मातीच्या बशा-वाट्यांचे तुकडे.

मला विचाराल तर शहर कळलं ते खलोंग सेन सेपवर. खलोंग म्हणजे कालवा. त्यातून शहरातल्या बससारख्या भरभरून लाँच धावतात. पाणी काळं, वास आपल्या मुठेला लाजवेल असा. धक्क्याला लाँच जेमतेम टेकते. तेवढ्यात उडी मारायची. कडेला बसलेल्याने दोरी ओढून प्लास्टिकचा पडदा वर धरायचा, नाहीतर शिंतोडे सगळ्यांच्या अंगावर. तिकीटवाली बाई लाँचच्या बाहेरच्या काठावरून, दोरी धरून, चालत येते. पहिल्या फेरीत मी दोरी सोडून दिली. मागच्या बाकावरच्या आजींनी काही न बोलता माझ्या हातावर हात ठेवून ती परत ओढली. तिसऱ्या दिवशी मी कडेचीच जागा धरायला लागले.

आता जेवण. मी अंडं खाते, मासे-मटण नाही. ‘मांस नको’ म्हटलं, तरी माशाचा सॉस पडतोच. तो त्यांच्या लेखी मिठासारखा. एक शब्द आहे ‘जे’, पिवळ्या कापडावर लाल अक्षरांत लिहिलेला असतो. त्यात मांस, अंडं, दूध, कांदा-लसूण काहीच नाही, आपल्या चातुर्मासासारखं. दुसरा शब्द ‘मांगसविरत’. ऐका नीट : मांसविरति! हा माझा शब्द. गल्लीतल्या एका गाडीवरच्या बाईंना तो सांगितला आणि रोज संध्याकाळी तिथेच भात खायला लागले.

तिसऱ्या संध्याकाळी या गाडीवरच्या बाई शेजारच्या फळवालीशी माझ्याकडे बघत काहीतरी बोलल्या. त्यात ‘सोंगसान’ असा शब्द होता. एव्हाना माझे कान तयार झालेले. सोंगसान म्हणजे संसार! नवरा-मुलं आहेत का, असं विचारत असणार. मी अभिमानाने दोन बोटं दाखवली, दोन मुलं. त्या दोघी एकमेकींकडे बघून आणखीच हळहळल्या.

हॉस्टेलच्या पोराला विचारलं. शब्द संसारच, तो म्हणाला, पण आमच्याकडे त्याचा अर्थ कीव येणं. म्हणजे ‘एकटी जेवते बिचारी’ असं चाललं होतं, आणि वर मी दोन मुलांची भर घातली!

चौथ्या दिवशी पुन्हा गेले. बाईंनी भातावर न मागता तळलेलं अंडं ठेवलं आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. स्टूल ओढून त्या समोर बसल्या, आणि माझं जेवण होईस्तोवर उठल्या नाहीत.