खानदेशातील खडक आणि पालीची नवी प्रजाती

मित्रहो, धुळ्याहून नंदुरबारकडे जाताना लांबच लांब, अरुंद, माथ्यावर उघड्या दगडांची रांग असलेल्या टेकड्या आपण सर्वांनीच पाहिल्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या लाव्हारसाचे थर साचत असताना भेगांतून वर येणारा तप्त रस भेगांतच गोठला, आणि पुढे भोवतालचा तुलनेने मऊ खडक झिजून गेल्यावर ही कठीण भिंत उघडी पडली. भूशास्त्रज्ञ तिला डाइक म्हणतात. धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत अशा शेकडो भिंती असून त्यांतील बहुतेक साधारणपणे पूर्व-पश्चिम धावतात. भूशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्या ठाऊक असतात. प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी मात्र त्यांच्याकडे, आणि त्यांच्या कपारींत राहणाऱ्या पालींकडे, पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे माझे मत आहे.

खडकावर राहणाऱ्या पालीचे शरीर कशासाठी घडले आहे, हे तिच्या बोटाकडे पाहिले की समजते. आपल्या घरातील पाल ज्या हेमिडॅक्टिलस गटात मोडते, त्याच गटात खडकावर राहणाऱ्या अनेक प्रजाती आहेत. अशी पाल काचेच्या बरणीत ठेवून खालून भिंगाने पाहावी. बोटाच्या तळाशी एकामागे एक आडव्या पट्टिका दिसतात, त्यांतील बऱ्याच मधोमध दुभागलेल्या असतात, आणि नख असलेले शेवटचे पेर या गादीतून सुटे होऊन वर उचललेले असते. पट्टिकांवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य रोम असतात आणि प्रत्येक रोमाच्या टोकाला शेकडो फाटे फुटलेले असतात. पालीच्या पायाला चिकट द्रव असतो हा समज चुकीचा आहे. हे फाटे पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात की रेणूंमधील क्षीण आकर्षणच तिचे वजन पेलते. टोके नावाच्या आग्नेय आशियाई पालीच्या रोमांवर केलेल्या प्रयोगांतून २००२ मध्ये याचा भक्कम पुरावा मिळाला. खडबडीत, धुळीने भरलेल्या दगडावर मात्र या गादीला पुरता स्पर्श मिळत नाही आणि तेथे ते उचललेले नख उपयोगी पडते. त्याशिवाय चपटे डोके आणि चपटे धड अरुंद कपारीत शिरण्यास सोयीचे असते. वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा पंचेचाळीसच्या घरात जातो, तेव्हा खडकाचा माथा पोळत असला तरी कपारीच्या आतील बाजू बरीच थंड असते. आणि रात्री पाल बाहेर येते तेव्हा तोच दगड दिवसभराची ऊब तिला परत देत असतो.

या सोयीची दुसरी बाजू अशी की, जी पाल कपारीशी इतकी बांधली गेली ती सहजासहजी कपार सोडून जात नाही. तापीच्या दोन्ही काठांना गाळाची खोल काळी जमीन आहे, तिच्यात कपाशी आणि केळी उभी आहे, आणि कोसन् कोस उघडा दगड नाही. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग, मध्ये ही काळी जमीन आणि तिच्या पश्चिमेकडे डाइकच्या सुट्या भिंती. खडकावरच्या पालीच्या दृष्टीने ही तुटक बेटे आहेत. दोन बेटांमधील येणे-जाणे लाखो वर्षे थांबले, तर दोन्हीकडील पाली हळूहळू वेगळ्या होत जातात. वरून रंग तोच, ठिपके तेच, परंतु वंश वेगळा. सातपुड्याने याची चुणूक दाखवलेली आहे. त्या डोंगररांगेच्या मध्य प्रदेशातील भागातून २०१४ मध्ये युब्लेफॅरिस सातपुराएन्सिस आणि २०१७ मध्ये हेमिडॅक्टिलस चिपकली, अशा दोन नव्या प्रजातींचे वर्णन प्रसिद्ध झाले. पहिली जमिनीवर हिंडणारी, पापण्या असलेली आणि बोटांना गादी नसलेली, तर दुसरी खडकावर राहणारी. तोच सातपुडा यावल, पाल नावाचे गाव, तोरणमाळ असा आपल्या उत्तर सीमेवरून जातो.

नवी प्रजाती सापडल्याची बातमी वाचताना आपल्या डोळ्यांसमोर रात्री बॅटरी घेऊन डोंगर चढणारा संशोधक उभा राहतो. तो चढतो हे खरे आहे, पण त्या रात्रीनंतरचे काम बातमीत येत नाही आणि माझ्या मते शोध तोच आहे. हाती आलेली पाल आजवर नाव दिलेल्या कोणत्याही पालीत बसत नाही, हे सिद्ध करावे लागते. आणि त्यासाठी जुनी नावे नेमकी कोणाची होती, हे आधी ठरवावे लागते. हे किती किचकट असते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे हेमिडॅक्टिलस ब्रूकी. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ग्रे यांनी १८४५ मध्ये हे नाव दिले ते बोर्नियो आणि ऑस्ट्रेलियाचे म्हणून नोंदलेल्या नमुन्यांवरून. पुढे भारतभरच्या ठिपकेदार पालींना सरसकट तेच नाव चिकटले आणि शंभर वर्षांहून अधिक काळ चालले. २०१६ मध्ये जनुकीय माहिती आणि शरीररचना एकत्र तपासून हा गुंता सोडवण्यात आला, तेव्हा एका नावाखाली अनेक प्रजाती दडलेल्या असल्याचे स्पष्ट झाले आणि मरे, ग्लेडो या अभ्यासकांच्या नावांशी जोडलेली एकोणिसाव्या शतकातील विस्मृत नावे पुन्हा वापरात आली. जुने नाव आधीच उपलब्ध असेल तर नवे नाव देता येत नाही, असा नियम आहे. घाई करणाऱ्याला हा नियम जाचक वाटतो. मला तो या शास्त्राचा कणा वाटतो.

प्रत्यक्ष नमुन्याच्या बाबतीत शिस्त आणखी कडक असते. वनक्षेत्रातून वनविभागाच्या परवानगीखेरीज नमुना घेता येत नाही. घेतल्यावर प्रथम ऊतीचा लहानसा तुकडा शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवतात, कारण फॉर्मॅलिनमुळे डीएनए खराब होतो. त्यानंतरच देह फॉर्मॅलिनने घट्ट करून सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये ठेवला जातो. मग मोजणी सुरू होते. बोटांखालील पट्टिका, ओठांवरील खवले, पाठीवरील उंचवट्यांच्या रांगा आणि नराच्या मांडीखालील सूक्ष्म छिद्रे ही सर्व सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. या गटात मांडीवरील छिद्रांची संख्या आणि दोन्ही मांड्यांवरील रांगांमध्ये सुटलेली जागा या खुणा विशेष महत्त्वाच्या ठरतात. शेपटी मूळची असणेही महत्त्वाचे आहे, कारण तुटून पुन्हा उगवलेल्या शेपटीवरील खवल्यांची मांडणी वेगळी असते आणि तिच्यावरून केलेले वर्णन फसवे ठरते. अखेरीस एक नमुना नामधारक म्हणून, म्हणजे ज्याच्याशी प्रजातीचे नाव कायमचे जोडले जाते असा, निवडून तो कोणत्या संग्रहात ठेवला, हे छापून जाहीर करावे लागते. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीसारख्या संस्थांचे संग्रह यासाठीच मोलाचे आहेत. शंभर वर्षांनी कोणाला शंका आली, तर त्याला तीच बाटली उघडून पाहता आली पाहिजे.

आपल्याकडे या कामाला काळाची मर्यादा आहे. डाइकचा दगड कठीण, म्हणून खडीसाठी उत्तम. आणि टेकडी अरुंद असल्यामुळे एका क्रशरला ती संपवण्यास फार वर्षे लागत नाहीत. खाणपट्टा देताना झाडे मोजली जातात, पाणी पाहिले जाते. कपारीत काय राहते हे सहसा कोणी विचारत नाही. तेव्हा महाविद्यालयांनी एकेक टेकडी वाटून घ्यावी, अशी माझी सूचना आहे. पाल पकडण्याची गरज नाही. पाठ, डोके, पाय आणि शेपटी स्पष्ट दिसतील अशी छायाचित्रे, नेमके स्थान, तारीख, वेळ आणि पाल दगडावर होती की मातीवर, एवढे नोंदवले तरी पुढच्या अभ्यासकाला कोठे जावे ते कळेल. या गटातील मादी साधारणतः दोन कठीण कवचाची अंडी घालते आणि खडकावरच्या काही पाली ती कपारीच्या आतल्या भिंतीला चिकटवतात. तशी अंडी दिसल्यास ती खरवडून काढू नयेत. त्या कपारीची जागा नोंदवून ठेवावी आणि पावसाळ्यानंतर तेथे पुन्हा जाऊन पाहावे.